डोक्यात जाणारा मुलगा

‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीचा नायक होल्डन पुस्तक छापून येण्याआधीच नापसंत ठरला होता. न्यूयॉर्कच्या हार्कोर्ट ब्रेस या प्रकाशनसंस्थेतले संपादक रॉबर्ट जिरू यांना जे. डी. सॅलिंजरचं हस्तलिखित मनापासून आवडलं होतं. त्यांनी ते आपले वरिष्ठ यूजीन रेनल यांच्याकडे दिलं. रेनल यांनी वाचून विचारलं, की हा मुलगा वेडा आहे असं दाखवायचं आहे का? जिरू यांनीच पुढे सांगितलेली ही हकिकत. सॅलिंजरने हस्तलिखित परत घेतलं आणि १६ जुलै १९५१ रोजी लिटल, ब्राउन या दुसऱ्या संस्थेने ते प्रसिद्ध केलं. सॅलिंजरच्या कथा छापणाऱ्या ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकानेही कादंबरीतला भाग छापायला नकार दिला. एकाच घरातली मुलं इतकी असामान्य असतात, हे तिथल्या संपादकांना पटलं नाही.

तेव्हापासून आजवर या पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. अमेरिकेतल्या शाळांमध्ये ते नेमलं गेलं, तसंच काढूनही टाकलं गेलं. १९६०मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात हे पुस्तक वर्गात शिकवल्याबद्दल एका शिक्षिकेला कामावरून काढलं होतं. नंतर तिला परत घेतलं. पण बंदी घालणाऱ्यांपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो साधा, प्रामाणिक वाचक, जो पुस्तक मिटून म्हणतो, “सगळं ठीक आहे, पण हा मुलगा डोक्यात जातो.”

वयात येण्याच्या कादंबऱ्यांबद्दल हे वाक्य इतर कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त ऐकू येतं. नायक रडका आहे, उद्धट आहे, स्वतःपलीकडे त्याला काही दिसत नाही. असं म्हणणाऱ्या वाचकाला दोन ठरावीक उत्तरं मिळतात. एक, ‘तुला पुस्तक कळलंच नाही.’ दुसरं, ‘आवड आपापली, सोडून दे.’ दोन्ही उत्तरांनी बोलणं तिथेच थांबतं. खरं तर बोलायला सुरुवात इथूनच व्हायला हवी. पात्र न आवडणं ही वाचताना आपल्या आत घडलेली खरी घटना आहे. ती का घडली याचा नीट शोध घेतला, तर लेखकाने काय केलं ते कळतं, आणि आपण कुठे उभे राहून वाचत होतो तेही कळतं. या प्रकरणात तोच शोध घ्यायचा आहे.

आरोपपत्र

आधी होल्डनवरचे आरोप नीट मांडू, कारण ते खोटे नाहीत. सोळा वर्षांचा हा मुलगा पेन्सिल्व्हेनियातल्या पेन्सी प्रेप नावाच्या महागड्या निवासी शाळेत शिकतो. पाचपैकी चार विषयांत नापास झाल्यामुळे त्याला शाळेतून काढलेलं आहे आणि ही त्याची पहिली शाळा नाही. तो तलवारबाजीच्या संघाचा व्यवस्थापक असतो आणि संघाच्या तलवारी भुयारी रेल्वेत विसरून येतो. घरी कळायच्या आत तो न्यूयॉर्कला पळतो, हॉटेलात उतरतो, दारू पितो, सिगारेटी ओढतो, आजीने पाठवलेले पैसे उधळतो. भेटेल त्या माणसाला मनातल्या मनात दांभिक ठरवतो, आणि स्वतः मात्र सर्रास खोटं बोलतो. सिनेमाला शिव्या देत सिनेमाला जाऊन बसतो. सॅली हेज नावाच्या मैत्रिणीला नाटकाला नेतो, बर्फावर स्केटिंग करायला नेतो, मग अचानक म्हणतो की चल, सगळं सोडून दूर कुठेतरी जाऊन राहू. ती शहाणपणाचे चार शब्द बोलते, तर तिला इतकं लागेल असं बोलतो की ती रडू लागते. ती रडत असताना त्याला हसू फुटतं.

ज्याला हा मुलगा आवडला नाही, त्याने हे सगळं नीटच वाचलेलं असतं. सॅलीच्या जागी उभं राहून पाहा. ती मुलगी काहीही चुकीचं बोललेली नाही. तिचा अपमान झाला आहे, आणि तो आपल्याला खटकला नाही तर आपल्याच वाचनात काही कमी आहे.

पण कादंबरी आपल्याला आणखीही काही देते, आणि ते फार हळू आवाजात देते.

दोन वस्तू

होल्डनचा खोलीमित्र स्ट्रॅडलेटर त्याला आपला इंग्रजीचा निबंध लिहून मागतो. एखाद्या खोलीचं किंवा घराचं वर्णन हवं असतं. होल्डन लिहितो ते एका बेसबॉलच्या हातमोज्याविषयी. मोजा त्याच्या धाकट्या भावाचा, ॲलीचा. ॲली डावखुरा होता. मैदानात उभं असताना चेंडू आपल्याकडे येईपर्यंत वाचायला काहीतरी हवं, म्हणून त्याने मोज्याच्या बोटांवर, तळव्यावर, सगळीकडे हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. तो अकरा वर्षांचा असताना रक्ताच्या कर्करोगाने गेला. होल्डन तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्या रात्री तो गॅरेजमध्ये झोपला आणि तिथल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा त्याने मुठीने फोडल्या. अजूनही पाऊस आला की त्याचा तो हात दुखतो आणि मूठ घट्ट वळत नाही.

हे आपल्याला कसं कळतं? निबंधाला विषय सुचत नव्हता, म्हणून ओघात. कुठलाही गहिवर नाही, प्रसंगाची तयारी नाही. पुढे स्ट्रॅडलेटर निबंध वाचून वैतागतो, कारण खोलीऐवजी मोजा आला आहे. होल्डन तो कागद त्याच्या हातातून घेतो आणि फाडून टाकतो. घाईने वाचणाऱ्याला इथे एक तिरसट मुलगा कागद फाडताना दिसतो. थांबून वाचणाऱ्याला दिसतं, की भाऊ गेल्याचं दुःख या मुलाने कागदावर उतरवून दुसऱ्या माणसापुढे ठेवलं आणि ते ‘चुकीचा विषय’ म्हणून परत आलं.

दुसरी वस्तू म्हणजे स्केट्सचा जोड. शाळा सोडताना सामान भरत असताना त्याला आईने नुकतेच पाठवलेले स्केट्स दिसतात. त्याला शर्यतीचे हवे होते, आईने हॉकीचे पाठवले. वाचक आता कुरकुरीची वाट पाहतो. त्याऐवजी होल्डनच्या डोळ्यांपुढे येते दुकानात उभी राहून विक्रेत्याला नाही नाही ते प्रश्न विचारणारी आई. इतक्या मायेने तिने खरेदी केली आणि आपल्याला परत शाळेतून काढलं, या विचाराने त्याला वाईट वाटतं. हीच आई ॲली गेल्यापासून नीट झोपलेली नाही, अर्ध्या रात्री उठून सिगारेट ओढत बसते, हेही पुढे एका वाक्यात येऊन जातं.

सॅलिंजरने या मुलाला प्रिय करण्याचा सोपा मार्ग टाळला आहे. ॲलीचा मृत्यू पहिल्या पानावर सांगितला असता, तर त्यानंतरचा प्रत्येक उद्धटपणा आपण आपोआप माफ केला असता. त्याने उद्धटपणा आधी दाखवला आणि दुःख मागून, तेही कोपऱ्यात ठेवलं. खऱ्या आयुष्यात दुखावलेली मुलं अशीच भेटतात. आधी त्यांचं वागणं खुपतं. कारण समजलंच, तर फार उशिरा समजतं.

सॅलिंजरला हे कुठून ठाऊक होतं, याचा एक धागा त्याच्या आयुष्यात आहे. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या यूटा किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकी सैन्यात तो होता. हुर्टगेनच्या जंगलातल्या भीषण लढाईतही होता. होल्डनविषयीचं लेखन या युद्धाच्या काळात त्याच्याबरोबर होतं. कादंबरीत युद्ध जवळजवळ नाहीच. पण ज्याने माणसं गमावली आहेत आणि ज्याला त्याविषयी बोलता येत नाही, अशा माणसाचा स्वर त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे.

आपण दुसऱ्याला कसं जोखतो

पात्रावर आपण इतक्या चटकन रागावतो, याला मानसशास्त्रातही एक उत्तर आहे. १९६७मध्ये एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या दोन अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. काहींना स्पष्ट सांगितलं, की कुठली बाजू मांडायची हे निबंध लिहिणाऱ्याला ठरवून दिलेलं होतं. तरीही वाचणाऱ्यांनी धरून चाललं, की लिहिणाऱ्याचं खरं मत थोडंफार तसंच असणार. परिस्थितीचा रेटा माहीत असूनही त्यांनी वागण्याचा अर्थ स्वभावातच शोधला. १९७७मध्ये ली रॉस याने या सवयीला ‘मूलभूत आरोपण-दोष’ अशा अर्थाचं नाव दिलं. आपण उशिरा पोचलो तर रस्त्यावर गर्दी होती, दुसरा उशिरा आला तर तो बेजबाबदार, अशी ही सवय आहे.

कादंबरी वाचताना ती सुटत नाही. होल्डन खोटं बोलला की तो खोटारडा, नापास झाला की आळशी. प्रथमपुरुषी निवेदनात तर गंमत अशी होते, की आपण त्याच्या डोक्यात बसलेलो असतो, तरी न्याय बाहेर उभे राहून करतो. त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. त्याला जे सहन होत नाही ते मात्र आपल्याला जाणवेलच असं नाही.

त्याच वर्षी, म्हणजे १९६७मध्ये, डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने कुमारवयीन मुलांच्या विचारपद्धतीविषयी एक लेख लिहिला. या वयात मुलांना सतत वाटतं, की सगळ्यांचे डोळे आपल्यावरच आहेत. याला त्याने काल्पनिक प्रेक्षकवर्ग म्हटलं. आणि आपल्याला जे वाटतंय ते आजवर कोणालाच वाटलेलं नाही, अशी एक खासगी दंतकथा ती मनात बाळगतात. एल्काइंडच्या मते हा विचारशक्ती वाढण्यातलाच एक टप्पा आहे. दुसऱ्याच्या मनात काय चालू असेल हे ओळखण्याची ताकद नुकतीच आलेली असते, पण त्या दुसऱ्याच्या मनात आपल्याखेरीज इतरही विषय असू शकतात, हे अजून उमजलेलं नसतं.

आता पाहा, वयात येणाऱ्या मुलाची कादंबरी त्याच्याच तोंडून प्रामाणिकपणे लिहायची, तर त्यात हा आत्ममग्नपणा येणारच. तो गाळला तर निवेदक मुलाच्या कपड्यांतला प्रौढ होतो. म्हणजे ज्या गोष्टीमुळे पात्र खरं वाटतं, तिच्याचमुळे ते नकोसंही वाटतं. हा पेच या कादंबरीप्रकाराच्या मुळाशीच आहे.

सांगणाऱ्याचं वय

मग काही आत्ममग्न नायकांना आपण माफ का करतो? त्यासाठी डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’कडे जाऊ. ही कादंबरी १८६०-६१मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. लोहाराच्या भट्टीजवळ वाढलेला अनाथ पिप अचानक पैशाचा धनी होतो आणि ‘जंटलमन’ व्हायला लंडनला जातो. ज्याने त्याला लहानाचं मोठं केलं, तो बहिणीचा नवरा जो गार्गरी एकदा त्याला भेटायला येतो. जो आपल्या ठेवणीतल्या कपड्यांत अवघडलेला. हातातली हॅट कुठे ठेवावी कळेना, म्हणून तो ती शेकोटीच्या वरच्या फळीच्या कडेला ठेवतो. ती पडते. तो उचलून परत ठेवतो. ती पुन्हा पडते. ज्या मुलाला त्याने मांडीवर खेळवलं त्याला तो मध्येच ‘सर’ म्हणतो. आणि पिपला लाज वाटते, चिडचिड होते. पैसे देऊन हे येणं टाळता आलं असतं तर आपण नक्की दिले असते, अशी कबुली तो देतो.

होल्डनच्या कुठल्याही उद्धटपणापेक्षा हे जास्त क्रूर आहे. तरी पिपबद्दल ‘डोक्यात जातो’ असं फारसं कोणी म्हणत नाही. कारण ही गोष्ट सांगतो आहे तो मोठा झालेला पिप. दोष माझाच होता, हे तो आपल्याआधी म्हणतो. निवाडा निवेदकानेच दिल्यावर वाचकाला फक्त कळवळायचं काम उरतं.

होल्डनला ही सोय नाही. घडून गेलेल्याला वर्षही झालेलं नसताना, कॅलिफोर्नियातल्या एका आरोग्यधामात उपचार घेत असताना तो बोलतो आहे. मागे वळून पाहायला लागणारं अंतर त्याच्याकडे नाही. त्यामुळे निवाडा आपल्यावर येऊन पडतो, आणि तो देताना आपण कडक होतो. सुझन कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८) या कादंबरीत तर कॅटनिस एव्हरडीन सगळं वर्तमानकाळातच सांगते. घटना आणि सांगणं यांच्यात तिथे क्षणाचंही अंतर नाही. आजच्या कुमारांसाठीच्या बऱ्याच कादंबऱ्या याच पद्धतीने लिहिल्या जातात. त्यामुळे पात्रांविषयीची चिडही वाढली, तर नवल नाही.

मराठी वाचकाला हे सारं अनोळखी नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३मध्ये आली, तेव्हा ते स्वतः पंचवीस वर्षांचे होते आणि त्यांचा निवेदक पांडुरंग सांगवीकरही पंचविशीचाच. ‘कोसला’ची सॅलिंजरच्या कादंबरीशी तुलना मराठी समीक्षेत वारंवार झाली आहे. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला हा मुलगा वसतिगृहात राहतो, मेसचा कारभार अंगावर घेतो, वडिलांचे पैसे घालवतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावी परत जातो. ‘बापाच्या जिवावर उड्या मारणारा’ हा शेरा त्याच्यावरही बसला आणि आजही बसतो. त्याच्याही घरात एक मृत्यू आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, आणि त्या पानांवर आल्यावर आतापर्यंतचा टवाळ, बेफिकीर सूर कशासाठी होता हे एकदम उमगतं. सांगवीकर पिपसारखा पश्चात्ताप करत नाही आणि होल्डनसारखा धापा टाकत नाही. तो स्वतःकडे आणि जगाकडे एकाच तिरकस नजरेने पाहतो. म्हणून काही वाचक त्याच्या कायमचे प्रेमात पडले, आणि काहींना तो आजही सहन होत नाही. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनला असा विरोध कधी सोसावा लागला नाही. पण लंपन वयाने लहान आहे, आणि लहान मुलाचा आगाऊपणा आपल्याला गोड वाटतो. तोच मुलगा सोळाचा झाला की आपल्या कपाळावर आठी येते. ही आठीही तपासून पाहण्यासारखी आहे.

मुलींसाठी वेगळा काटा

ही आठी नायिकेच्या वाट्याला जास्त खोल येते. लॉरी हॅल्स अँडरसन हिच्या ‘स्पीक’ (१९९९) या कादंबरीतली मेलिंडा नववीत आहे. शाळेच्या पहिल्या दिवसापासून ती कोणाशी धड बोलत नाही. मनात मात्र प्रत्येकाची बोचरी टर उडवते. अभ्यासात घसरते, तास बुडवते, जी एक मुलगी मैत्री करू पाहते तिच्याबद्दलही तुच्छतेने विचार करते. सगळी शाळा तिच्यावर चिडलेली आहे, कारण उन्हाळ्यातल्या एका पार्टीत तिने पोलिसांना फोन करून सगळ्यांची पंचाईत केली होती.

तिने फोन का केला, हे कोणी विचारलेलं नसतं. त्या पार्टीत शाळेतल्याच एका मोठ्या मुलाने तिच्यावर बलात्कार केला होता. हे वाचकाला तुकड्यातुकड्यांनी, बरंच पुढे गेल्यावर कळतं. तोपर्यंत जो वाचक तिच्यावर वैतागला असेल, तो नकळत तिच्या वर्गमित्रांच्या बाकावर जाऊन बसलेला असतो. त्याने तेच पाहिलं जे त्यांनी पाहिलं, आणि तोच निष्कर्ष काढला. ही या कादंबरीची सगळ्यात धाडसी चाल आहे. वाचकाची नावड हीच लेखिकेने कथानकाचा भाग केली आहे. ‘मला ती आवडली नाही’ या वाक्याचं पुढचं पाऊल ‘मग मीही तिला विचारलं नसतं’ हे आहे. पंधरा वर्षांच्या वाचकाला ते पाऊल टाकता आलं, तर त्या पुस्तकाने मोठं काम केलं.

कॅटनिसचंही असंच. ‘द हंगर गेम्स’च्या ‘मॉकिंगजे’ (२०१०) या तिसऱ्या भागात बंडाची नायिका म्हणून वाचक तिच्याकडे डोळे लावून बसतो, आणि ती कपाटांमध्ये लपून बसते, औषधांच्या गुंगीत असते, लढाईचे निर्णय तिच्याविना होतात. ‘ती कमजोर झाली’ अशी तक्रार पुष्कळ वाचकांनी केली. पण सतरा वर्षांची मुलगी दोनदा मरणाच्या खेळातून बाहेर पडल्यावर तिचं मन कसं असेल? कॉलिन्सचे वडील हवाई दलात होते आणि व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. युद्धाची किंमत तिने घरात पाहिली होती, आणि ती किंमत तिने नायिकेला सवलत न देता दाखवली.

क्लेअर मेसूद या लेखिकेला २०१३मध्ये एका मुलाखतीत तिच्या प्रौढांसाठीच्या कादंबरीतल्या नायिकेबद्दल सुचवलं गेलं, की अशा बाईशी मैत्री करावीशी वाटत नाही. मेसूदने उलट विचारलं, ‘लोलिता’तल्या हम्बर्ट हम्बर्टशी किंवा हॅम्लेटशी मैत्री करावी असं कोणाला वाटतं का? पुस्तकात मित्र शोधायला गेलात तर फसाल, आपण तिथे जीवन शोधायला जातो, असा तिच्या उत्तराचा रोख होता. चिडलेला मुलगा ‘बंडखोर’ आणि चिडलेली मुलगी ‘कटकटी’, ही मोजमापं आपण घरातून घेऊन येतो आणि पुस्तकाला लावतो. म्हणून नावड तपासताना हा प्रश्न जरूर विचारावा, की हेच पात्र मुलगा असतं तर मला इतकंच खटकलं असतं का?

नावडीचे तीन उगम

आता सगळं एकत्र बांधू. पात्र आवडलं नाही, की ती नावड तीन ठिकाणांहून आलेली असू शकते.

पहिला उगम लेखकाचा हेतू. लेखकाला हा दोष दिसतो आणि तो आपल्याला दाखवायचा आहे. याची खूण अशी, की पुस्तकातलंच कोणीतरी नायकाला सुनावतं. होल्डनला कार्ल लूस नावाचा जुना ओळखीचा मुलगा विचारतो, की तू मोठा कधी होणार. आणि सगळ्यात नेमकं बोट ठेवते त्याची दहा वर्षांची बहीण फीबी. तो रात्री चोरून घरी येतो, शाळेतून काढल्याचं ती ओळखते, डोक्यावर उशी घेऊन रुसते आणि मग म्हणते, की तुला जगात काहीच आवडत नाही. आवडणारी एक तरी गोष्ट सांग. होल्डन अडखळतो. त्याला सकाळी भेटलेल्या दोन जोगिणी आठवतात, ज्यांना त्याने दहा डॉलर दिले होते. अत्याचाराला कंटाळून खिडकीतून उडी मारलेला एक शाळकरी मुलगा आठवतो. शेवटी तो म्हणतो, मला ॲली आवडतो. फीबी म्हणते, ॲली तर मेला आहे. वाचकाच्या मनातली तक्रार इथे पुस्तकानेच नायकासमोर ठेवली आहे, आणि तीही त्याच्या सर्वांत लाडक्या माणसाच्या तोंडून. याहून स्पष्ट पुरावा कोणता, की सॅलिंजरला हे दिसत होतं?

दुसरा उगम आपण स्वतः. पंधराव्या वर्षी होल्डन आपला वकील वाटतो. विशीत तो नकोसा होतो, कारण आपण नुकतेच तसे वागलेलो असतो आणि ते आठवायचं नसतं. पन्नाशीत आपलं लक्ष अर्ध्या रात्री सिगारेट ओढणाऱ्या त्या आईकडे जातं. पुस्तकातलं एक अक्षरही बदललेलं नसतं. कधी नावड अशी असते, की पात्राचं वागणं आपल्या घरातल्या एखाद्या माणसासारखं असतं. कधी उलट, त्याची सुखवस्तू परिस्थिती आपल्यापासून इतकी दूर असते, की त्याचं दुःख आपल्याला चोचले वाटतं. हा शेवटचा आक्षेप मी हलका मानत नाही. महागड्या शाळेतून हाकललेल्या मुलासाठी दुसरी महागडी शाळा तयार असते. रोज कामावर जाऊन शिकणाऱ्या मुलाला दुसरी संधी नसते. अशा वाचकाने होल्डनला कडक शब्दांत तोलावं. फक्त श्रीमंत घरातही भाऊ मरतो, एवढं त्या तोलात धरावं.

तिसरा उगम कच्चं लेखन. इथे वाचकाने मुळीच संकोच करू नये. नायिका असामान्य हुशार आहे असं सगळे म्हणतात, पण तिने हुशारीचं काही केलेलं दिसत नाही. नायक मित्रांना दुखावतो आणि त्याची झळ त्याला कुठेच लागत नाही. बाकीची पात्रं फक्त त्याचं कौतुक करायला किंवा त्याला अडवायला उभी केलेली. सुनावणारं कोणी नाही, आणि सुनावलंच तर तो माणूस खलनायक ठरतो. इथे दोष लेखकाला दिसलेलाच नसतो. अशा पुस्तकाबद्दल ‘पात्रं आवडली नाहीत’ म्हणणं ही समीक्षाच आहे, आणि ती चांगली समीक्षा आहे.

तिन्ही उगम ओळखायला एक प्रश्न पुरतो: मला जे खटकलं, ते पुस्तकाला माहीत आहे का? उत्तर पानांतच सापडतं. कोण उलट बोलतं, कोणाला किंमत मोजावी लागते, निवेदक कुठे अडखळतो, कुठली गोष्ट घाईघाईने सांगून पुढे जातो, हे शोधावं लागतं.

शिक्षकांनी आणि पालकांनी

म्हणून एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘मला हा नायक अजिबात आवडला नाही’ असं सांगितलं, की ते वाक्य मौल्यवान मानावं. त्या वयात आवडलं म्हणून सांगणं सोपं असतं, कारण मोठ्यांना तेच ऐकायचं असतं. नावड सांगायला धीर लागतो. तिला लगेच समजावायला जाऊ नये. विचारावं, नेमकं कुठल्या पानावर चीड आली? तिथे तो काय करत होता? त्याच्या समोरच्या माणसाला काय वाटलं असेल? त्याने वेगळं काय करायला हवं होतं, आणि तसं करायला त्याला काय लागलं असतं? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक वेळा चर्चा वळण घेते, कारण उत्तरात ‘कोणीतरी त्याच्याशी बोलायला हवं होतं’ हे कधी ना कधी येतं.

इतकं करूनही पात्र आवडलं नाही, तर न आवडू द्यावं. समजणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कादंबरीला पहिली पुरते. घरात, वर्गात, कामाच्या ठिकाणी आपल्याला आवडणारी माणसं थोडीच असतात. उरलेल्यांनाही समजून घेऊन त्यांच्याबरोबर राहायचं असतं. त्याचा सराव इतक्या कमी धोक्यात दुसरीकडे कुठे करता येणार? जो मुलगा डोक्यात जातो, त्याच्याजवळ दोन-अडीचशे पानं बसून राहणं, त्याला माफ न करताही त्याचं पुरतं ऐकून घेणं, हे वाचनातून मिळणारं फार मोठं शिक्षण आहे. ते आपल्या मुलांना मिळावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी सगळी पुस्तकं लाडक्या नायकांची असून चालणार नाही.